कानाला खडा

फोन तिच्या कोटाच्या खिशात थरथरला तेव्हा काचेपलीकडच्या बंद खोलीत एक म्हातारे गृहस्थ डोळे मिटून, कानांवर हेडफोन चढवून, हातातल्या बटणावर अंगठा टेकवून बसले होते. लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. यंत्रापुढे बसून ती वेगवेगळ्या पट्टीतले बारीक सूर सोडायची, आतल्या माणसानं ऐकू आलं की बटण दाबायचं, आणि दाबलं की तिच्यासमोरचा छोटा दिवा लागायचा. तपासणी चालू असताना फोनकडे बघायचं नाही हा नियम तिनं स्वतःच स्वतःला घालून दिलेला, आणि आजवर तो कधी मोडला नव्हता. आज मोडला. मेजाच्या आडोशाला धरून तिनं लेकीचा निरोप वाचला. ‘पाचवं पण नाही.’ एवढंच. एरवी जिच्या निरोपांत उद्गारचिन्हांची रांग लागलेली असायची, तिनं आज एक साधा ठिपका दिला होता. तिनं ते शब्द पुन्हा वाचले आणि तिच्या छातीतून एक लांब श्वास सुटला. त्या श्वासाबरोबर, कुणी आतून पुढे ढकलल्यासारखे, दोन शब्द आले. बरं झालं.

दिवा लागला.

तिनं दचकून काचेतून पाहिलं. गृहस्थ डोळे मिटूनच होते, अंगठा दाबलेला. तिनं तर सूर सोडलाच नव्हता. असं होतं कधीकधी. वाट बघून बघून माणसाला नसलेला आवाज ऐकू यायला लागतो, विशेषतः ज्यांना आपले कान अजून शाबूत आहेत असं घरच्यांना दाखवून द्यायचं असतं त्यांना. तसल्या दाबण्यावर ती मनातल्या मनात फुली मारून पुढे जायची. पण आज तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उरलेले सूर तिनं कसेबसे सोडले. बाहेर आल्यावर गृहस्थ बाह्यांची बटणं लावत म्हणाले, “मधेच तुम्ही काही बोललात का हो बाई?”

“नाही, आजोबा.”

“मला वाटलं बोललात.” आणि ते कसनुसं हसले, आपलंच काही चुकलं असेल असं समजून. तिला त्यांची माफी मागावीशी वाटली.

जीव भांड्यात पडणं म्हणतात. तो पडतो तेव्हा आवाज होतो हे मात्र कुणी सांगत नाही. बसमध्ये खिडकीशी बसून ती तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकत राहिली. पाच कॉलेजं, पाचही लांबची, रात्रभराच्या प्रवासाची; आणि पाचांनीही नाही म्हटलं होतं. तिच्या पोरीला, टिटवीला, जी गेली दोन वर्षं याशिवाय दुसरं काही बोलत नव्हती. आणि पोरीच्या आईला काय वाटलं, तर बरं झालं. तिनं त्या दोन शब्दांना दुसरा अर्थ लावून बघितला. वाट बघणं संपलं म्हणून बरं झालं. एकदाचा निकाल लागला म्हणून. पण ती मूर्ख नव्हती. ज्या श्वासाबरोबर ते शब्द आले होते त्याच श्वासात तिला एक खोली दिसली होती, टिटवीची, आणि ती भरलेली होती. पलंगावर कपड्यांचा ढीग, खिडकीत दगडांची रांग, अर्धवट प्यालेला कप. म्हणजे गेले कित्येक महिने हीच खोली ती मनात रिकामी बघत आली होती, आणि हे तिला आत्ता कळत होतं. शेजारच्या सीटवरचा माणूस फोनवर कुणाला तरी रागावत होता. एका थांब्यावर बस बराच वेळ थांबली. घर जवळ येऊ नये असं तिला वाटत होतं.

टिटवी हे नाव जन्माच्या वेळचं. बाहेर आल्या आल्या पोरगी अशी काही किंचाळली होती की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून म्हणाली होती, “कोण टिटवी आली गं?” खरं नाव नंतर कागदोपत्री लागलं ते लागलं. ओरडत बोलणं, ओरडत हसणं, आंघोळ करताना गाणं, गाताना दार आपटणं. दिवसभर पोकळ, निर्जीव शांततेत बसून आलेल्या तिला दारात पाऊल टाकताच हा गलका अंगावर यायचा आणि ती खेकसायची, “अगं, जरा हळू!” पण खेकसताना तिचे खांदे सैल पडायचे. आणि दगड. टिटवी तीन वर्षांची असताना एका दुपारी तिनं बागेतला एक गुळगुळीत खडा उचलून सरळ स्वतःच्या कानात घातला होता. कान तपासणारीची पोर, आणि कानात खडा! दवाखान्यातले डॉक्टर हसून हसून बेजार झाले. त्यांनी चिमट्यानं खडा काढला तेव्हा पोरगी रडायची थांबली आणि हात पुढे करून म्हणाली, “माझा आहे.” तिथपासून जे सुरू झालं ते सुरूच. खिशात दगड, दप्तरात दगड, कपडे धुवायच्या यंत्रात दगडांचा खडखडाट. पुढे त्या दगडांना नावं आली, वयं आली, कुठला आगीतून आला नि कुठला पाण्यातून याच्या गोष्टी आल्या. तिच्या नवऱ्याचा ठरलेला विनोद होता, पाहुणे आले की हमखास निघायचा. “हिचा कान, तिचा खडा. म्हणून मी या घरात कानाला खडा लावून राहतो.”

नवरा क्रेन चालवायचा. दिवसभर इमारतींच्या डोक्यावर, एकटा, पिंजऱ्यात बसलेला. त्यामुळे खाली उतरल्यावर त्याला बोलल्याशिवाय राहवत नसे. ती घरी पोचली तेव्हा तो स्वयंपाकघरात कांदे चिरत होता आणि पाचही कॉलेजांचा उद्धार चालला होता. “अक्कल गहाण टाकलेली माणसं! दगड कळतात का यांना? स्वतःच्या डोक्यात भरलेत तेवढे.” तिला बघितल्यावर त्यानं आवाज उतरवला. “आत आहे. दार लावून. तू जा बाई. मी तीन विनोद केले, तिन्ही पडले.”

तिनं दार ढकललं. टिटवी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती, बूट पायात तसेच. ती काठावर बसली, पोरीच्या घोट्यावर हात ठेवला आणि जे म्हणायला हवं ते म्हणायला तोंड उघडलं. आणि ते बाहेर येईचना. “इतकं मनाला लावून घेऊ नकोस” म्हणावं, तर त्याच्या तळाशी ते बरं झालं. “इथेही चांगली कॉलेजं आहेत” म्हणावं, तर त्याच्याही तळाशी तेच. प्रत्येक वाक्य उचलून बघावं तर खाली ओल. शेवटी ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली. टिटवी हलली नाही, रडली नाही, पाय तेवढे सैल सोडले. “बाबा सूप करतोय,” ती म्हणाली. “नको,” टिटवी भिंतीला म्हणाली. इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकूही आलं नसतं.

आणि मग घरात शांतता आली. तिला शांततेची सवय होती, ती तिच्या कामाचंच सामान होती. पण ती कामावरची शांतता होती, दार उघडलं की संपणारी. ही संपत नव्हती. टिटवी दुपार होईपर्यंत झोपायची, मोजे घालून घरात फिरायची, दारं इतकी जपून लावायची की कडीचा आवाज होऊ नये. फोन तिनं खणात उपडा घालून ठेवला होता, कारण त्यात मैत्रिणींचे निकाल होते, आनंदानं उड्या मारणारे. बोलली तर ‘हो’, ‘नको’, ‘ठेव तिथे’. आत्याचा फोन आला. “जे होतं ते चांगल्यासाठीच होतं, बाळा,” आत्या सांगत राहिली, आणि टिटवी फोन कानापासून वीतभर लांब धरून छताकडे बघत राहिली. नवरा रोज संध्याकाळी काहीतरी बातमी घेऊन यायचा. त्याच्या ओळखीच्या कुणाचा तरी मुलगा तीनदा नापास होऊन आता केवढा मोठा झाला होता. त्याच्या कामाशेजारच्या प्लॉटवर जमिनीला भोकं पाडणारे आले होते, पायाखाली काय आहे ते बघायला; आतून दगडांचे हे एवढाले लांब दांडके काढून पेट्यांत मांडून ठेवत होते. “तू बघायला हवंस,” तो म्हणाला. टिटवीनं पावाचा तुकडा दोन तुकड्यांत मोडला, दोनांचे चार केले आणि उठून गेली.

रात्री नवऱ्याच्या घोरण्याला पाठ करून ती जागी पडायची तेव्हा तिला ती मुलाखत आठवायची. चौथ्या कॉलेजाची, फोनच्या पडद्यावरून झालेली. टिटवी आत बसलेली आणि ती दाराबाहेर, घड्या घालायचे कपडे उगीच हातात घेऊन. आतून येणारा आवाज तिच्या पोरीचा नव्हता. बारीक, घासूनपुसून गुळगुळीत केलेला, प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. ‘मला लहानपणापासून या विषयाची आवड आहे.’ तेव्हाच तिला काहीतरी टोचलं होतं. आत जाऊन म्हणावं, अगं ओरड ना, सांग ना त्यांना कानातल्या खड्याचं. पण असं कुणी आत जातं का? आणि समजा गेली असती, तर पोरगी तिथे गेली असती, त्या लांबच्या, डोंगराखालच्या गावात. मग तिनं खरंच आत जायला हवं होतं की नको होतं? या प्रश्नाशी आलं की मन पुन्हा फिरून पहिल्या जागी यायचं आणि उशी गरम व्हायची.

एका सकाळी तिनं धीर केला. टिटवी खिडकीशी उभी होती. “इथलं कॉलेज काही अगदीच वाईट नाही,” ती म्हणाली. “प्रवेश अजून चालू आहेत. तोच विषय नसेल, पण जवळपासचा आहे. म्हणतात ना, दगडापेक्षा वीट मऊ.”

टिटवीनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी सरळ डोळ्यांत. “पण मला दगडच हवा होता, आई,” ती म्हणाली.

त्या दिवशी बसमध्ये तिनं कानाला खडा लावला. पुन्हा समजूत घालायची नाही. काही म्हणायचं नाही. ज्याला जे कळत नाही त्यानं गप्प बसावं हे बरं. पण गप्प बसूनही काही होत नव्हतं. कामावर ती सूर सोडायची आणि आतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर नसलेल्या खुणा शोधायची. एका बाईनं बटण दाबलं नाही म्हणून ती घाबरून उठली, तर बाई नुसती डुलकी घेत होती. तिला भीती कशाची होती ते ती स्वतःशीही स्पष्ट बोलत नव्हती. घरी फोन करून उगीच विचारायची, “दूध आहे का गं?” पलीकडून “आहे” आलं की ठेवायची. ‘आहे’ एवढं ऐकण्यासाठीच तो फोन असायचा.

मग सुटीच्या दिवशी चादरी निघाल्या. वाळलेल्या चादरींच्या घड्या घालायला दोन माणसं लागतात, आणि नवरा कामावर होता. तिनं हाक मारली, टिटवी आली. हाक मारल्यावर येणं एवढं अजून शिल्लक होतं. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला टिटवी. झटकायचं, ताणायचं, मग चालत एकमेकींजवळ यायचं, टोकांना टोकं जुळवायची, आणि पुन्हा मागे जायचं. लहानपणी टिटवी मधल्या झोळीत उडी मारायची. आता दोघींची बोटं जुळताना फक्त एकमेकींना लागत होती, पोरीची गार, तिची साबणानं खरखरीत झालेली. तिसऱ्या चादरीला, दोघी लांब असताना, टिटवी म्हणाली, “तुला बरं वाटलं ना?”

“काय?”

“मला कुठेच मिळालं नाही म्हणून. तुला बरं वाटलं ना?”

चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. तिच्या मनात एका क्षणात सगळी उत्तरं उभी राहिली. काहीतरीच काय बोलतेस, असं कोणत्या आईला वाटेल, तुला बरं नाहीये, चहा करू का. खोटं बटण दाबणारी माणसं तिनं हजारांनी बघितली होती. त्यांचा अंगठा जरा जास्तच पटकन जातो. ती पटकन काहीच बोलली नाही. आणि मग म्हणाली, “हो.”

टिटवीचा चेहरा तसाच राहिला. “किती?”

“एक श्वास सोडायला जेवढा वेळ लागतो तेवढा. मग स्वतःचीच लाज वाटली. अजून वाटते.” आता थांबता येत नव्हतं. “तू गेल्यावर हे घर कसं वाटेल ते मला बघवत नव्हतं. त्यात तुझा काही दोष नाही. तुला मिळायला हवं होतं, ते मिळालं नाही, हे वाईटच झालं. मला बरं वाटलं म्हणून ते चांगलं होत नाही.”

चादर जमिनीवर पडली. टिटवीनं हातातलं टोक सोडून दिलं होतं. आणि मग ती ओरडली. शब्द नव्हतेच आधी, नुसती किंचाळी, पोटाच्या तळातून आलेली, दवाखान्यातली ती पहिली किंचाळी जणू एवढी वर्षं वाढत जाऊन आता पुरी झाली होती. मग शब्द आले. “आई आहेस की कोण आहेस तू! मी मरमर केली दोन वर्षं! आणि तो बाबा, तो विनोद करतो! मला नकोत त्याचे विनोद! आणि ती आत्या, तिला सांग, चांगल्यासाठी होतं तर तुझ्या घरी ने ते! माझ्या वर्गातल्या त्या मंद पोराला मिळालं, आई, ज्याला वाळू नि चिखल यातला फरक कळत नाही! आणि मी तिथे काय बोलले तर आवड आहे! आवड! एवढंच सुचलं मला! मी का नाही बोलले नीट? का नाही बोलले?” उशी भिंतीवर गेली, मागून दुसरी गेली. खिडकीतला कप फुटला. आई खाली पडलेल्या चादरीवर बसली होती, पाय दुमडून, आणि ऐकत होती. तिला एवढंच जमत होतं, आणि आज तेवढंच हवं होतं. अंगावर येणारा एकेक शब्द खरा होता, लागत होता. आणि तरीही तिच्या हातापायांत ऊब परत येत होती. ओरड. ओरड माझ्या बाई. अजून मोठ्यानं.

दारावर थाप पडली. वरच्या मजल्यावरचे शेजारी उभे होते, हातात चष्मा, चेहरा गोरामोरा. “सगळं ठीक आहे ना? आवाज ऐकला म्हणून...”

“एकदम ठीक आहे,” ती म्हणाली. “मुलगी ओरडतेय.”

हे सांगताना तिचा चेहरा असा काही फुलला असावा की शेजाऱ्यांनी एक पाऊल मागे घेतलं. “बरं, बरं,” म्हणत ते जिन्याकडे वळले, आणि वळूनही दोनदा मागे बघितलं. दार लावून ती आत आली तेव्हा टिटवी जमिनीवर बसून रडत होती, नाक गळत, तोंड वाकडं करून, लहानपणी रडायची तशी. “काय म्हणाला तो?” तिनं हुंदक्यांतून विचारलं. “माझं डोकं फिरलंय असं त्याला वाटलं,” ती म्हणाली. टिटवीच्या रडण्यात मधेच एक वेगळा आवाज आला. ते हसू होतं की ठसका, कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती जवळ गेली नाही, कुरवाळलं नाही. चादरीचं एक टोक उचलून पोरीकडे सरकवलं, आणि टिटवीनं त्याला नाक पुसलं. “धुतलेली होती गं,” ती म्हणाली. “परत धू,” टिटवी म्हणाली.

संध्याकाळी दोघी बाहेर पडल्या. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं. टिटवी पुढे, ती मागे, मधे बोलणं नाही. पण हे न बोलणं निराळं होतं, त्यात राग होता, आणि राग म्हणजे काहीतरी चालू असल्याची खूण. चालत चालत त्या नवऱ्याच्या कामाच्या जागेपाशी आल्या. वर आभाळात क्रेनचा हात सावकाश फिरत होता. त्या एवढ्याशा पिंजऱ्यात तो असणार, एकटाच काहीतरी बडबडत. शेजारच्या प्लॉटवर पत्र्याचं फाटक उघडं होतं आणि आत जमिनीवर उथळ लाकडी पेट्यांच्या रांगा होत्या. पेट्यांत दगडांचे गोल, लांबट तुकडे, एकापुढे एक लावलेले, राखाडी, तांबूस, मधेच काळे. टिटवी फाटकाशी थांबली. मग आत गेली.

“अगं ए! पाय काढ तिथून!” गुडघ्यांपर्यंत बूट घातलेली एक जाडजूड बाई ओरडली. “वीस मीटर खालून काढलंय ते. पुन्हा क्रम लावायला तू येणार आहेस?” तिथली माती-दगड तपासणाऱ्या कंपनीची ती भूगर्भतज्ज्ञ होती, हे नंतर कळलं, त्या वेळी ती फक्त चिखलानं माखलेली आणि चिडलेली बाई होती. टिटवीनं पाय मागे घेतला पण नजर काढली नाही. एका काळपट तुकड्याकडे बोट दाखवून तिनं त्याचं नाव सांगितलं, ठासून, तिच्या जुन्या, कान किटवणाऱ्या आवाजात. बाईनं तुकड्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि खो खो हसली. “साफ चूक,” ती म्हणाली. “दिसतं तसं. सगळे फसतात. इकडे ये. ओला करून बघ.” तिनं बाटलीतलं पाणी ओतलं आणि काळ्या अंगात बारीक बारीक हिरवे ठिपके उमटले.

आई फाटकाशीच उभी होती. चूक, हा शब्द आत्ता, या आठवड्यात! पोरगी मागे फिरेल, पुन्हा ते मोजे, पुन्हा ती जपून लावलेली दारं. पण टिटवी वाकली होती. नाक पार दगडाला टेकवून. “परत दाखवा,” ती म्हणाली. “कोरडा असताना कसं ओळखायचं?” ती चुकली होती आणि काही झालं नव्हतं. जमीन जागच्या जागी होती, बाई अजून हसत होती, आणि पोरगी दुसरा तुकडा मागत होती. आईच्या लक्षात आलं की आपण फाटकाचा पत्रा घट्ट धरला आहे आणि तळहातावर त्याची कडा उमटली आहे. तिनं हात सोडला. अंधार पडेपर्यंत ती तिथेच एका उलट्या बादलीवर बसून राहिली. वरून काम संपवून नवरा उतरला आणि दोघींना तिथे बघून बोलायचंच विसरला.

पुढचं वर्ष चिखलाचं गेलं. भूगर्भवाल्या बाईंना मदतीला कुणीतरी हवंच होतं, आणि टिटवीनं तीन दिवस फाटकाशी घिरट्या घालून त्यांना नाही म्हणायची सोय ठेवली नाही. तुकडे धुवायचे, पुसायचे, पेट्यांत ओळीनं लावायचे, खोलीचे आकडे लिहायचे, पेट्या उचलायच्या. पहाटे जायची, संध्याकाळी यायची. बूट दाराबाहेर ठेवायचे हा नियम पहिल्याच आठवड्यात मोडला आणि न्हाणीघरापर्यंत चिखलाचे ठसे उमटायला लागले. बाई कडक होत्या. एकदा पेट्यांचा क्रम चुकला तेव्हा त्यांनी टिटवीला असं काही झापलं की घरी येऊन तिनं ते सगळं साग्रसंगीत करून दाखवलं, बाईंच्या आवाजात, हातवाऱ्यांसकट, आणि नवरा हसून हसून खुर्चीवरून पडायचा राहिला. फोन खणातून कधी बाहेर आला कळलंच नाही. मैत्रिणी सुटीत आल्या तेव्हा टिटवी त्यांना भेटायला गेली. आल्यावर जरा गप्प होती, दुसऱ्या दिवशी नव्हती. मधूनच एखाद्या रविवारी ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडायची. तेव्हा आई-बापानं दाराशी घुटमळायचं नाही असं ठरलं होतं. ती आपली उठायची.

अर्ज तिनं पुन्हा केले. कुठे केले, काय लिहिलं, ते दाखवलं नाही. “तू वाचायचं नाहीस,” तिनं आईला बजावलं. ते बरोबरच होतं. फक्त एकदा दाराआडून मुलाखत ऐकू आली, घरभर ऐकू आली, कारण टिटवी पलीकडच्या माणसाशी हुज्जत घालत होती. “नाही सर, तसं नाही, ओला करून बघितलात का?” आई हातातला कपडा तसाच धरून उभी राहिली आणि तिला एकाच वेळी हसू आलं आणि पोटात कळ आली. जाणार ही, तिच्या मनानं म्हटलं. आणि ती कळ तिनं येऊ दिली. आली, थांबली, गेली.

निकालाची तारीख तिला पाठ होती. त्या दिवशी सकाळी टिटवी नेहमीसारखी आरडाओरडा करत, एक मोजा सापडत नाही म्हणून सगळं घर डोक्यावर घेऊन, निघून गेली. तिला आठवण करून द्यायचं धाडस कुणाला झालं नाही. दिवसभर आईच्या घशाखाली घास उतरला नाही. डबा उघडला, मिटला. दुपारी नवऱ्याचा फोन आला, वरून, वाऱ्याच्या आवाजातून. “काही कळलं?” “नाही.” “विचारू का?” “खबरदार.” थोड्या वेळानं पुन्हा आला. “वरून मला तिचं डोकं दिसतंय. पेट्या उचलतेय.” “कशी दिसतेय?” “आता डोक्यावरून काय सांगू?”

संध्याकाळी तिघं जेवायला बसली. टिटवी आंघोळ करून आली होती, केसांतून पाणी ठिबकत होतं, मनगटावर अजून चिखलाची एक रेघ. आज खाली पाणी लागलं, ती सांगत होती, अचानक, कुणालाच अपेक्षा नव्हती, बाईंचे बूट भरले, बाईंनी अशी शिवी दिली की मी ती कधी ऐकलीच नव्हती. तिनं बटाटे वाढून घेतले, त्यावर रस्सा ओतला, पाव बुडवला. नवरा आणि ती एकमेकांकडे बघत नव्हते. दोघांच्या ताटांत काही हललं नव्हतं.

“अरे हो,” टिटवी तोंडात घास असतानाच म्हणाली, “ते आलं. दोघांनी हो म्हटलंय. तिघांनी नाही.”

नवऱ्याच्या हातातला चमचा रश्श्यात पडला. “कुठल्या दोघांनी? कधी कळलं? अगं, मग बोलायचं नाही का?”

“दुपारीच कळलं. म्हटलं ना, पाणी लागलं होतं. कोण बोलणार?” तिनं घास गिळला. “एक त्या डोंगराखालचं आहे. दुसरं बाई म्हणतात जास्त चांगलं आहे. मी अजून ठरवलं नाही. आणि त्या तिघांत एक असं आहे ना, बाबा, त्यांना मी लिहिणार आहे की तुमच्या माहितीपत्रकावरच्या फोटोत दगडाचं नाव चुकलंय. मीठ दे.”

नवरा उठून उभा राहिला, बसला, पुन्हा उठला, आणि काय करावं न सुचून त्यानं मिठाऐवजी पाण्याचा तांब्या पुढे केला. टिटवी हसायला लागली, तोंडावर हात ठेवून, खांदे हलवत, तो हसला, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ती दोघांकडे बघत होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. डोक्यात काही नव्हतं, आनंद नव्हता की भीती नव्हती, पोटात मात्र सकाळपासूनचा खड्डा होता, आणि समोर बटाट्यांची वाफ निघत होती. तिला कडकडून भूक लागली होती. तिनं ताट पुढे ओढलं आणि खायला सुरुवात केली.